गोणी फोडून बघा

(आकाशवाणीवरील भाषण)

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात गोणी काट्यावर चढते, मापाडी वजन टिपून घेतो. पण भाव नुसत्या वजनावर ठरत नाही. गोणी फोडतात, वरचा, मधला, तळाचा कांदा हातात घेऊन दाबून बघतात. कोंब फुटलाय का, मोठा गोळा किती, बारीक गोल्टी किती? तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमधून उठलेल्या माणसाचं मात्र आपण वजन करतो आणि थांबतो. गाठ गेली, तपासणी स्वच्छ आली, झालं. गोणी फोडायची राहून जाते.

ती फोडायची म्हणजे माणसाला विचारायचं. त्यासाठी युरोपात तयार झालेली प्रश्नावली आहे: 30 प्रश्न कुठल्याही कॅन्सरसाठी, आणखी 35 खास डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी, ज्यात तोंड आणि घसाही येतो. गेल्या आठवड्यात पातळ गिळताना त्रास झाला का? घट्ट खाताना? लाळ चिकट झाली का? घरच्यांसमोर जेवणं अवघड गेलं का? फोनवर बोलणं? बहुतेक प्रश्नांना उत्तरं अजिबात नाही, थोडं, बरंच, फार, अशी चारच. त्यांचे 0 ते 100 असे गुण मांडतात; म्हणजे आज आणि सहा महिन्यांनी माणूस कुठे आहे हे ताडून बघता येतं. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी 2005 साली ही प्रश्नावली मराठी आणि हिंदीतून आपल्या रुग्णांवर पारखून प्रसिद्ध केली. 2007 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाची प्रश्नावलीही तशीच पारखून प्रसिद्ध केली. साधन हाताशी आहे, वापर कमी पडतो.

आता खांद्याचं सांगते, कारण बाजारातल्या माणसाला तेच भोवतं. मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणारी नस दुखावते, कधी काढावीच लागते. मग हात वर जात नाही, खांदा खाली ओघळतो. त्या 35 प्रश्नांत खांदा नव्हता. वॉशिंग्टनच्या प्रश्नावलीत होता, आणि युरोपच्या नव्या, 43 प्रश्नांच्या आवृत्तीतही आला. कचेरीत बसणारा कसंबसं निभावून नेईल, पण 50 किलोची गोणी पाठीवर घेणाऱ्या माथाडीचं काय? मानेची जखम सुरेख भरलेली असते आणि घरातली चूल थंड असते. खांद्याचे व्यायाम वेळेत सुरू झाले तर पुष्कळ फरक पडतो. पण त्यासाठी आधी कुणीतरी विचारायला हवं ना? आणि विचारल्यावर खरं सांगायला हवं.

इथं मी तुम्हाला थोडं रागावणार आहे. डॉक्टरांनी विचारलं की आपलं ठरलेलं उत्तर: "बरं आहे, साहेब." किंवा बाबा गप्प आणि मुलगा प्रश्नावलीवर भराभर खुणा करतो. तोंड उघडायला त्रास? "अजिबात नाही." शेजारी बसलेल्या बाबांच्या दातांत जेमतेम एक बोट जातं, हे मी समोर बसून पाहिलंय. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी मावतात. घरी करून बघा. एका बोटाच्या फटीतून भाकरी जाणार कशी? महिनोन्‌महिने पेजेवर काढतात आणि म्हणतात, बरं आहे! ही वरवरचे चार कांदे दाखवून गोणी खपवण्याची रीत झाली, आणि नुकसान आपलंच.

मिश्री लावणाऱ्या, या आजारातून उठलेल्या आपल्या बायकांचं तर आणखी निराळं. चेहऱ्यावरचा व्रण, हळदीकुंकवाला जाणं बंद, ताट घेऊन आतल्या खोलीत बसणं... त्यावर सविस्तर बोलायला हवं, पण घड्याळ पुढं सरकलंय.

तेव्हा एवढंच करा. टाटाच्या परळच्या रुग्णालयात जा, खारघरच्या जा, नाहीतर जवळच्या दवाखान्यात. पुढच्या तपासणीला जाताना एका कागदावर लिहून न्या: काय गिळता येतं, तोंडात किती बोटं जातात, हात कुठवर उचलतो, कामावर जाता येतं का, चारचौघांत जेवता का. रुग्णाच्या तोंडून लिहा, मुलाच्या नव्हे. बोलता येत नसेल तर त्याला खुणेनं सांगू द्या. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तो कागद तुम्ही होऊन त्यांच्या टेबलावर ठेवा.