कळसूबाईची अट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'प्रवासातला एक अनुभव' या विषयावर मी दहा मिनिटे बोलावे, असा आपल्या चिटणीसबाईंचा हुकूम आहे. माझा प्रवास तो काय! पण गेल्या नवरात्रात मी आणि माझी एक मैत्रीण कळसूबाईच्या डोंगरावर गेलो, त्या एका दिवसात जेवढी फजिती झाली तेवढी काशीयात्रेतही झाली नसती. मैत्रीण इथेच बसली आहे. तिचे नाव मी घेत नाही. मात्र "सगळे सांग, काही झाकू नकोस," असे तिनेच मला बजावले आहे.

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. ते आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. आपल्या शिर्डीला साऱ्या देशातून माणसे येतात आणि आपण मात्र घरचा डोंगर पाहिलेला नसतो, ही बोच मला फार दिवस होती. पन्नाशी उलटली, आता नाही तर कधी? देवीदर्शन म्हटल्यावर घरूनही कोणी नाही म्हणाले नाही.

पहाटे साडेचारला निघून संगमनेर, अकोले, राजूर करीत आम्ही पायथ्याच्या बारी गावी पोहोचलो. मैत्रिणीचे नऊ दिवसांचे उपवास होते. तिला साखरेचा आजार आहे, हे मला ठाऊक होते. गाडीत तिने रिकाम्या पोटी गोळी घेतली, तीही मी पाहिली. पण भगिनींनो, मी बोलले नाही. बोलले तर ती माघारी फिरेल आणि माझा बेत फसेल, एवढाच विचार मनात आला. हे आधीच कबूल करून टाकते.

अर्धा तास चढलो नाही तोच माझ्या बुटाने दगा दिला. मुलाचे जुने बूट दोन वर्षे माळ्यावर पडले होते, तेच मी घालून आले होते. डाव्या पायाचा तळवा सुटून जिभेसारखा लोंबू लागला. बांधायला दोरी नाही, नाडी नाही. दोघींत मिळून देवीची एक ओटी आणली होती. शेवटी त्यातलाच खण काढला आणि बूट बांधला. "देवीसुद्धा बाईच आहे, समजून घेईल," असे म्हणून आम्ही हसत पुढे निघालो.

दुसरा प्रसंग पहिल्या शिडीच्या खाली. अवघड कड्यांवर तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. शिडीकडे तोंड करून "धीर धर, धीर धर" असे एकमेकींना सांगत होतो, तेवढ्यात मागे ठेवलेली पिशवी माकडाने उचलली. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाणे, सारे गेले. माकड वरच्या दगडावर बसून आमचा फराळ आमच्यासमोर खात होते. तेव्हाही आम्ही हसलो. परत फिरायला हवे होते; पण शिखर दिसत होते ना!

वर पोहोचलो. लहानसे देऊळ, अंगाला झोंबणारा वारा. खणाविना ओटी भरली. जरा वेळाने धुके हटले आणि भंडारदऱ्याचे पाणी, पलीकडे रतनगड, दुसऱ्या अंगाला अलंग, मदन, कुलंग असे सारे दिसू लागले. रतनगडाच्या बाजूने निघणारी प्रवरा भंडारदऱ्याला अडवली आहे. ते धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या खाली निळवंडे. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ च्या ऑक्टोबरात झाले आणि आपल्या राहाता तालुक्यातल्या जिरायती गावांनी वर्षानुवर्षे ज्याची वाट पाहिली ते पाणी हेच. पाहताना हात आपोआप जोडले गेले.

उतरताना मात्र हसणे संपले. मैत्रीण मागे पडू लागली. "चल गं, अंधार पडेल," म्हणून मी रागावले. तिने उत्तर दिले ते भलतेच, कोणत्या तरी लग्नाबद्दल! वळून पाहते तो चेहरा घामाने थबथबलेला, हात थरथरताहेत आणि पुढे शिडी. तिला खाली बसवले. फोनला रेंज नाही, जवळ खायला साखरेचा दाणा नाही. त्या क्षणी मला गाडीतली ती गोळी आठवली आणि माझेच हातपाय गार पडले.

मी हाका मारल्या. शिडीखाली लिंबूसरबत विकणारी एक बाई तांब्या घेऊन चढून आली. तिने नुसते पाहिले आणि विचारले, "उपाशी हाये का बाई? साखरेची गोळी घेती का? माझ्या सासूलाबी असंच व्हतं." सरबतात आणखी दोन-तीन चमचे साखर घालून तिने तिला घोट घोट पाजले. पंधरा मिनिटांनी पुन्हा थोडे दिले. मैत्रीण नीट बोलू लागली, मग त्या बाईने स्वतःच्या फडक्यातली भाकरी पुढे केली. उपवास तिथेच सुटला. बाईच्या मुलाने हात धरून आम्हांला खाली पोहोचवले. बारीत दिवे लागले होते.

पुढे डॉक्टरांनी सांगितले, की काही गोळ्या पोटात अन्न नसले तरी रक्तातली साखर उतरवतात. म्हणून उपवास करायचाच तर आधी विचारावे. माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी लगेच द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, दवाखाना गाठावा.

आता कळसूबाईची कथा सांगते. काळसू ही कोळ्याची मुलगी. ती पायथ्याच्या एका घरी कामाला राहिली, पण आधी अट घातली, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एके दिवशी तिला तीच कामे सांगितली. तिने ती केली आणि डोंगरावर निघून गेली, ती परतली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला ती काळदरा, असे सांगतात.

येताना गाडीत मैत्रीण म्हणाली, "त्या पोरीने आपल्याला काय जमणार नाही ते पहिल्याच दिवशी सांगितले. मी मात्र घरी, डॉक्टरांना, कोणालाच सांगितले नाही. सांगितले तर 'बस घरी' म्हणतील, ही भीती." मी म्हणाले, "आणि मी पाहूनही विचारले नाही." मग संगमनेरपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो.

भगिनींनो, मंडळाची सहल ठरते आहे. निघण्यापूर्वी प्रत्येकीने आपले दुखणे, आपली गोळी, आपला उपवास मोकळेपणाने सांगावा आणि ऐकणारीने त्यावरून तिला घरी बसवू नये, तिच्या चालीने चालावे. खडीसाखरेची पुडी मात्र पिशवीत ठेवू नका, कनवटीला ठेवा. पिशवीचा भरवसा नाही!

येत्या नवरात्रात आम्ही दोघी पुन्हा जाणार आहोत, यंदा भरल्या पोटी. त्या सरबतवालीला भेटायचे आहे, आणि देवीचा एक खण द्यायचा राहिला आहे.