शिवाराची वही आपली आपणच लिहू
(हरिहरेश्वर, ता. श्रीवर्धन, जि. रायगड येथील उन्हाळी अभ्यास शिबिरातील भाषण)



पऱ्हाट्या उपटून, कडबा रचून तुम्ही इतक्या लांब समुद्रकाठी आलात. इथं पर्यावरणावर बोलायचं ठरलं तेव्हा काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याचं मला नवल नाही. पर्यावरण म्हटलं की आपल्या वाट्याला आजवर एकच गोष्ट आली, बंदी. हे तोडू नका, ते मारू नका. रोही आणि डुकरं रातोरात ज्वारी साफ करतात आणि काठी उचलली तर गुन्हेगार आपणच!

म्हणून आज एका अशा प्राध्यापकांची गोष्ट सांगतो, ज्यांनी हे गणित उलटं मांडलं. डॉ. माधव गाडगीळ, मूळ पुण्याचे. १९७३ साली ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले आणि १९८३ साली तिथं त्यांनी परिसरशास्त्राचं केंद्र उभं केलं.

त्याआधी डॉ. वा. द. वर्तकांबरोबर ते महाराष्ट्रातल्या देवराया पाहत हिंडत होते. याच श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचं गाव आहे. तिथली काळकाईची राई तोडीला निघाली, तेव्हा गावकऱ्यांनी या दोघांना गाठलं. गावाचं म्हणणं साधं होतं. राई गेली की ओढा गेला. देवीची भीती होतीच, पण त्या भीतीच्या पोटात पाण्याचा हिशेब होता. राई वाचली. विद्यापीठ न पाहिलेल्या माणसांनी शास्त्रज्ञांना शास्त्र सांगितलं आणि शास्त्रज्ञांनी ते ऐकलं, हे महत्त्वाचं.

पुढं कर्नाटकात बांबूच्या अभ्यासात तेच घडलं. सरकारनं कागद गिरणीला बांबू दिला दीड रुपया टन! गावच्या बुरडाला मात्र बाजारभाव. बेटाच्या बुडाशी असलेलं काट्यांचं आवरण काढलं की बांबू जोमानं वाढतो, असं वनखात्याचं मत. गावकरी म्हणत, काटे गेले की कोवळे कोंब गुरं खातात आणि बेट बसतं. पाहणी केल्यावर गावकरीच खरे ठरले. कापसाच्या भावात आणि या बांबूच्या भावात तुम्हाला काही नातं दिसतं का? मला दिसतं. कच्चा माल गिरणीला स्वस्त आणि दोष गावावर.

२००४ साली गाडगीळ निवृत्त झाले. नोकरदार निवृत्त झाला की सत्कार होतो, शाल मिळते, विषय संपतो. इथं तो संपला नाही. ते गडचिरोलीत मेंढा-लेखा, चंद्रपुरात पाचगाव अशा गावांतून लोकांबरोबर बसले. मेंढ्याला २००९ साली आणि पाचगावला २०१२ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. पश्चिम घाटाच्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, त्यात निर्णय ग्रामसभेनं करावा असं म्हटलं. सरकारनं तो दाबून ठेवला. माहितीच्या अधिकारात भांडल्यावर, न्यायालयाच्या आदेशानंतर, मे २०१२ मध्ये तो लोकांना पाहायला मिळाला. आणि १९७२चा वन्यजीव कायदा शेतकऱ्यावर अन्याय करतो, हेही त्यांनी उघड सांगितलं.

आता आपलं काय? २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक गावाची नोंदवही असायला हवी. तुमच्या गावची वही कुणी पाहिली, हात वर करा. बघा! वही असलीच तर ती कपाटात आहे आणि लिहिणारा गावचा नाही.

मेमध्ये रान मोकळं असतं, कॉलेजची पोरं घरी असतात. त्यांच्या हातात वही द्या. कुठली विहीर कोणत्या आठवड्यात आटली, बांधावर कोणती झाडं उरली, मालदांडीचं घरचं बी कुणाकडं आहे, गेल्या हंगामात बोंडअळी कधी दिसली, डुकरं कोणत्या रात्री, कोणत्या गटात शिरली, तारखेसह लिहा. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि बायांना आधी विचारा. बियाणं त्यांनीच राखलंय.

पंचनाम्याला साहेब आला की त्याच्यासमोर गाऱ्हाणं मांडत बसू नका, वही ठेवा. आपली नोंद नसेल तर त्याची नोंद खरी धरली जाते. प्राध्यापक निवृत्त होतात, साहेब बदलून जातात. शिवारात कायम राहतो तो आपण. मग शिवाराची वही दुसऱ्याच्या हातात का?

पहिल्या पावसाआधी पहिलं पान लिहून व्हावं, एवढंच मागतो.