जुन्या संगणकाची निगा

(लोअर परळ येथे एका ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत केलेले भाषण)



तुमच्यापैकी कित्येकांच्या गावी जुना संगणक गेला आहे. इथल्या कचेरीने तो काढून टाकला, कुणाच्या पोराने स्वस्तात घेतला आणि एसटीने गावी धाडला. आता त्यावर बचत गटाचा हिशेब असतो. चालतोय ना, मग बदलायचा कशाला, असे तुम्ही विचारता. विचारणे बरोबर आहे. पण जुने यंत्र वापरायचे तर त्याची रीत ठाऊक हवी.

आपले लोअर परळ गिरण्यांचे. साचेखात्यात जॉबर असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. कोणी कोणते साचे सांभाळायचे, ते जॉबर ठरवी. साचे आहेत, सूत आहे, माणसे आहेत, पण जॉबर नाही, तर कापड निघणार कसे? संगणकातही असा एक जॉबर असतो. तुम्ही दाबलेले अक्षर पडद्यावर आणायचे, हिशेब जपून ठेवायचा, कागद छापायला पाठवायचा, ही कामे तो वाटून देतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विंडोज असते.

या विंडोजला मुदत असते. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मुदत संपली म्हणून यंत्र बंद पडत नाही बरे का! फक्त कंपनी ठिगळे लावणे थांबवते. घोंगडीला भोक पडते तशी या प्रणालीतही भोके सापडतात. चोर ती शोधतच असतात. मुदतीत कंपनी ठिगळ पाठवते, पुढे ते भोक तसेच राहते.

भोक राहिले तर काय होते? जून २०१७ मध्ये उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात एका धक्क्यावरचे संगणक विषाणूने बंद पाडले. माल हलवण्याचे काम अडले. हा विषाणू ज्या वाटांनी जगभर पसरला, त्यांतल्या एकीवरचे ठिगळ कंपनीने मार्च महिन्यातच दिलेले होते. एवढ्या मोठ्या बंदराची ही गत, मग आपल्या गटाची वही किती सुरक्षित?

म्हणून मुदत संपलेल्या यंत्राला इंटरनेट जोडू नका. हिशेबाला इंटरनेट लागत नाही. बँकेचा व्यवहार त्यावर करू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. दुसऱ्याचा पेनड्राइव्ह त्यात घालू नका. रोग तिथूनही येतो. एवढे पाळले तर हिशेबाला एक्सपीही पुरते. इंटरनेट हवेच असेल तर जाणत्या मुलाकडून लिनक्स घालून घ्या. ती फुकट मिळते आणि तिचे काही हलके प्रकार जुन्या यंत्रावरही चालतात. मात्र घालताना आतले सारे पुसले जाऊ शकते. आधी नक्कल काढा.

नक्कल दर आठवड्याला काढावी. एक पेनड्राइव्हवर, दुसरी वेगळ्या पेनड्राइव्हवर, आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. आग लागली, घर गळले, तरी एक तर वाचेल.

घड्याळ रोज चुकीची तारीख दाखवू लागले तर घाबरू नका. आत नाण्याएवढा सेल असतो, बहुतेकदा तो संपलेला असतो. बदलून घ्या, खर्च थोडा आहे. धूळ झाडण्याआधी बटण बंद करून वायर काढा, मगच मऊ ब्रश फिरवा. ओले फडके आत नको. आणि वीज जायच्या वेळा ठाऊक असतील तर आधीच रीतसर बंद करा. लिहिता लिहिता वीज गेली की फाईल बिघडू शकते.

आता शेवटचे, आणि याकडे फार कोणी बघत नाही. जुन्या यंत्रांवर मराठी श्रीलिपीसारख्या अक्षरसंचांत टाइप केलेली असे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. ती फाईल तो संच नसलेल्या यंत्रावर उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. गावच्या देवस्थानची नोंदवही, मंडळाची घटना, सभासदांची यादी अशीच अडकून पडते. म्हणून जुने यंत्र चालू आहे तोवर असे कागद युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि प्रत्येकाची एक छापील प्रत काढून ठेवा. बदलल्यावर जोडाक्षरे नीट आली का, हे वाचून पाहा.