दुधाची साक्ष

(सोलापूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या जिल्ह्यातील तीर्थक्षेत्राचे नाव म्हशीच्या एका नामांकित जातीला मिळाले, त्या जिल्ह्यात दुधावर बोलणे म्हणजे जाणत्यांपुढे बोलणे होय. तलवारीसारखी लांब, मागे वळलेली शिंगे मिरवणारी पंढरपुरी म्हैस ही पंढरपूर, सांगोला, मंगळवेढे या तालुक्यांची लेक. आणि कोल्हापुरात तिला कट्ट्यावर आणून, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून, ते धारोष्ण दूध तिथल्या तिथे पिण्याचा प्रघात प्रसिद्धच आहे. समोर काढलेल्या दुधात लबाडीला जागा नाही, ही त्यामागची श्रद्धा. पाण्यापुरती ती खरी आहे. जंतूंपुरती ती किती अपुरी आहे, याचा दाखला मात्र माल्टा बेटाच्या इतिहासात आहे.

त्या बेटावरील इंग्रजी शिबंदीतले शिपाई एका चिवट, पुनःपुन्हा उलटणाऱ्या तापाने बेजार होत. डेव्हिड ब्रूस या लष्करी वैद्याने १८८७ साली मृतांच्या प्लीहेतून त्या तापाचा जंतू वेगळा काढला; परंतु तो माणसाच्या शरीरात शिरतो कोठून, हे कोडे पुढे अठरा वर्षे सुटले नाही. बेटावर शेळ्या दारोदार हिंडवून उंबऱ्याशीच त्यांचे दूध काढून देत. शेळ्या दिसायला धडधाकट, तेव्हा त्यांच्यावर संशय घ्यावा कोणी? १९०५ साली थेमिस्टोक्लिस झमिट या माल्टीज वैद्याने त्याच धडधाकट शेळ्यांच्या रक्तात रोगाची खूण शोधली, आणि पाठोपाठ त्यांच्या दुधात प्रत्यक्ष जंतू सापडला. पुढच्या वर्षी शिबंदीत शेळीचे दूध बंद होताच ताप झपाट्याने ओसरला. ते दूध निर्भेळ होते आणि तरीही रोगट होते, ही गोष्ट मी आपणांस विशेषेकरून ध्यानात ठेवावयास सांगतो; कारण त्याच ब्रुसेला कुळातील जंतू आपल्याकडील जनावर गाभडण्याचे एक प्रमुख कारण आहे.

मग जो डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळत नाही, तो ओळखावा कसा? दूध-परीक्षेच्या बहुतेक सोप्या रीती जंतूला प्रत्यक्ष पकडीत नाहीत, त्याने मागे ठेवलेली खूण वाचतात. म्हणून प्रत्येक परीक्षा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे जाणल्यावाचून तिच्या निकालाला अर्थ नाही. पहिला प्रश्न गोठ्यातला : कास निरोगी आहे काय? कासेच्या ज्या रोगाला आपण दगडी म्हणतो, तो उघड झाला म्हणजे कास सुजते, दुधात गाठी येतात. परंतु छुपी दगडी असताना दूध शुभ्रच दिसते. अशा वेळी प्रत्येक सडाचे थोडे दूध निरनिराळ्या खोलगट वाट्यांत घेऊन त्यात तितकेच धुण्याच्या पावडरीचे शेकडा ३ प्रमाणातील द्रावण मिसळले, तर रोगट सडाचे दूध चिकट, शेंबडासारखे होते. जंतूशी झुंजण्यास आलेल्या पांढऱ्या पेशी त्या द्रावणाने फुटतात आणि त्यांच्यातील द्रव्य घट्ट होते. दुसरा प्रश्न कळपाचा. एकत्र केलेल्या दुधात रंगवलेले मृत ब्रुसेला जंतू सोडले असता, दुधात त्यांच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये असल्यास ते गुठळून साईबरोबर वर येतात आणि रंगीत कडे उमटते. मग कळपातील एकेका जनावराचे रक्त तपासावयाचे. ही रीत गाईच्या दुधाची. शेळीमेंढीच्या दुधाला ती भरवशाची नाही, म्हणजे झमिटच्या शेळ्या तिच्यातून सहीसलामत सुटल्या असत्या!

तिसरा प्रश्न कॅनमधला : धार काढल्यापासून जंतू किती वाढले? १० मिलिलिटर दुधात १ मिलिलिटर मिथिलीन ब्लूचे द्रावण घालून नळी ३७ अंशांवर ठेवतात. जंतू दुधातील प्राणवायू संपवतात आणि निळा रंग मावळतो. पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात गेला तर निकृष्ट. आता वैशाखातील सोलापूरची हवा चाळिशी ओलांडते हे ध्यानी घ्या, म्हणजे त्या उन्हात रस्त्याकडेला ताटकळणारा कॅन हीच जंतूंची उबवणी कशी होते, हे वेगळे सांगावयास नको. अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होणारा जंतू तीन तासांत एकाचा पाचशेबारा होतो.

यावर आपण म्हणाल, आम्ही दूध उकळूनच पितो. उत्तम दस्तूर आहे तो, आणि सोडू नये. क्षयाचे व ब्रुसेलाचे जंतू त्याने मरतात. परंतु दगडीच्या काही जंतूंनी दुधात सोडलेले विष उकळूनही टिकते. आणि गाभडलेल्या म्हशीचा वार उघड्या हाताने काढणाऱ्या शेतकऱ्याला तर आपल्या चुलीचा काहीच उपयोग नाही. त्याचे रक्षण कालवडींना आणि म्हशीच्या मादी पारडांना चौथ्या ते आठव्या महिन्यात टोचावयाच्या लशीने आणि रोगट जनावर वेळीच ओळखण्यानेच व्हावयाचे.

मग ही ओळख गोठ्यापर्यंत का पोचत नाही? कारण दुधाचा दर ठरतो तो फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांशाव्यतिरिक्तचे घनपदार्थ) यांवर : गाईच्या दुधाला शेकडा ३.५ आणि ८.५, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९, या प्रमाणांभोवती सारा हिशेब फिरतो. ज्या गुणाचे पैसे मिळतात तो गुण शेतकरी जपतो. त्यात त्याची काही कसूर नाही. हात व सड धुऊन, स्वच्छ भांड्यात धार काढून, लगोलग शीतकरण केंद्राकडे दूध धाडणाऱ्याला आणि यांतले काहीच न करणाऱ्याला जर एकच भाव मिळत असेल, तर पहिल्याने ते कष्ट किती दिवस घ्यावेत? म्हणून संकलन केंद्राच्या दरपत्रकात निळ्या रंगाच्या तासांसाठी एक रकाना वाढवावा, त्यावर लिटरमागे काही अधिक पैसे द्यावेत, आणि निकाल ज्याच्या त्याला कळवावा, ही माझी सूचना आहे; आणि त्या रकान्याचा भार काही अंशी आपण शहरवासीयांनी उचलावा, कारण आजवर आपण दुधाच्या दाटपणाची किंमत मोजत आलो, त्याच्या निरोगीपणाची नव्हे.