समुद्रातल्या हिरव्याची मोजदाद



सोबत एक छोटी चकती आणली आहे. काचेच्या बारीक तंतूंची, रुपयाच्या नाण्याएवढी. मागे बसलेल्यांना ती दिसणार नाही, पण माझ्या नोकरीची कितीतरी वर्षं अशा चकत्यांकडे बघण्यात गेली. अरबी समुद्राचं एक लिटर पाणी हिच्यातून गाळलं की जे उरतं, त्याच्यावर तारली जगते, बांगडा जगतो आणि त्यांच्यावर जगणारी सुरमईही. फेब्रुवारीत गुजरातच्या पश्चिमेला खोल समुद्रात पाणी गाळा, चकती पोपटी होते. आत्ता, वैशाखात, तेवढंच पाणी गाळा, चकती जवळजवळ पांढरीच राहते. मग आम्ही दोन लिटर गाळतो, तीन गाळतो, आणि तरीही रंग शोधावा लागतो.

हा रंग वनस्पतिप्लवकांचा. पाणी नेईल तिकडे वाहत जाणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींचा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार पृथ्वीवरच्या साऱ्या वनस्पती मिळून वर्षाला सुमारे १०५ अब्ज टन कार्बन स्वतःत बांधतात आणि त्यातला जवळजवळ निम्मा वाटा समुद्राचा आहे. गंमत अशी की वजनाने बघितलं तर समुद्रातली ही वनस्पती जमिनीवरच्या झाडाझुडपांच्या १ टक्काही भरत नाही. सह्याद्रीतलं झाड शंभर वर्षं उभं राहतं. समुद्रातली पेशी आज दुभंगून दोन होते आणि दोन-चार दिवसांत कुणाच्या तरी पोटात जाते.

म्हणून एक फरक आधी मनात पक्का करूया. घरातल्या डब्यात पीठ किती आहे हे बघून गिरणी किती चालली ते सांगता येत नाही. खाणारी माणसं जास्त असतील तर दळण रोज येऊनही डबा तळाला गेलेला दिसेल. हरितद्रव्याचं माप हे डब्यातलं पीठ आहे. उत्पादकता, म्हणजे कार्बन बांधण्याचा वेग, ही गिरणी. वर्तमानपत्रातल्या बातम्यांत या दोघांची नेहमी गल्लत होते, आणि मला त्याचा त्रास होतो, कारण त्या बातम्यांवरून माणसं माशांबद्दल निष्कर्ष काढतात.

पिठाचं माप त्यातल्या त्यात सोपं. हव्या त्या खोलीवर बाटल्या बंद करायच्या, पाणी वर आणायचं, अंधाऱ्या खोलीत गाळायचं. उजेड लागला की हरितद्रव्य विटतं. मग चकती ॲसिटोनमध्ये बुडवून थंडीत आणि काळोखात ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या अर्कावर निळा प्रकाश टाकायचा. हरितद्रव्य निळा गिळतं आणि लाल उजेड देतं. त्या लालीवरून आकडा मिळतो. उघड्या समुद्रात घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास, खालचं थंड पाणी वर येतं तिथे त्याच्या दहापट आणि कधी त्याहूनही कितीतरी जास्त.

गिरणीचं माप कठीण. डेन्मार्कच्या स्टीमान नील्सन यांनी १९५२ मध्ये त्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९५० ते ५२ या काळात ‘गॅलेथिया’ जहाजावरून त्यांनी जगभरच्या समुद्रात ती वापरली होती. किरणोत्सारी कार्बन–१४ बाटलीतल्या पाण्यात घालायचा, बाटली पुन्हा समुद्रात टांगायची आणि पेशींनी त्यातला किती आत घेतला ते मोजायचं. आम्ही पहाटे, तांबडं फुटायच्या आधी दोर सोडायचो. एकाच दोराला वेगवेगळ्या खोलीवर बाटल्या, प्रत्येक काचेच्या बाटलीजवळ एक पूर्ण झाकलेली काळी बाटली. उजेडाशिवाय जे आत जातं ते वजा करायला. संध्याकाळी दोर ओढायचा. दिवसाला एक जागा, फार तर. आता अरबी समुद्र नजरेसमोर आणा आणि त्यात हा एक दोर बघा. जहाज दहा नॉट वेगाने पुढच्या ठिकाणी पोचेपर्यंत मागच्या ठिकाणचं पाणी बदललेलं असतं.

म्हणून वरून बघण्याची गरज पडली. १९७८ साली अमेरिकेच्या निंबस–७ उपग्रहावर समुद्राचा रंग बघणारं पहिलं उपकरण गेलं. ते प्रयोग म्हणून पाठवलं होतं, चाललं १९८६ पर्यंत. भारताचा ओशनसॅट–१ हा २६ मे १९९९ रोजी उडाला. त्याचा कॅमेरा आठ रंगपट्ट्यांत बघायचा, ३६० मीटरपर्यंतचा बारकावा टिपायचा आणि दर दोन दिवसांनी आपल्या किनाऱ्यावरून जायचा. २००९ मध्ये दुसरा गेला, नोव्हेंबर २०२२ मध्ये तिसरा. त्याचे पट्टे तेरा. समुद्राचं तापमान आणि हा रंग एकत्र बघूनच हैदराबादची इन्कॉइस संस्था मासे कुठे मिळण्याचा संभव आहे ते मच्छीमारांना त्यांच्या भाषेत कळवते. तुमच्यातल्या काही तांडेलांना ते माहीत आहे.

पण उपग्रह हरितद्रव्य मोजत नाही, हे आज मला ठासून सांगायचं आहे. तो उजेड मोजतो. हरितद्रव्य वाढलं की पाण्यातून परत येणारा निळा उजेड कमी होतो, हिरवा त्या मानाने टिकतो. निळ्या-हिरव्याच्या या गुणोत्तरावरून हरितद्रव्याचा अंदाज बांधतात. अंदाजाचं समीकरण कुठून येतं? जहाजांवरून. १९९७ मध्ये गेलेल्या सीविफ्स या अमेरिकी उपकरणासाठी जे समीकरण बसवलं, त्याच्या पायाशी ९१९ ठिकाणची जहाजी मापं होती. तिथेही कुणीतरी पाणी गाळलं होतं.

शिवाय उपग्रहाच्या डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या दहा भागांतला जेमतेम एक भाग समुद्रातून आलेला असतो. बाकी सगळा हवेचा. तो वजा करताना थोडी चूक झाली तरी समुद्राच्या आकड्यात ती मोठी होऊन येते. आपल्या समुद्रावर अरबस्तानची आणि थरची धूळ येते. ती निळा उजेड शोषते, आणि हिशेबाला वाटतं की खाली हरितद्रव्य वाढलं. खंभातच्या आखाताजवळ नर्मदा-तापीचा गाळ हाच गोंधळ दुसऱ्या वाटेने करतो.

आणि उपग्रह बघतो तो फक्त वरचा थर. या वैशाखात आपला समुद्र त्याला निळाशार, ओसाड दिसतो. पण ५०-६० मीटर खाली, जिथे पोषकद्रव्यं आहेत आणि मंद का होईना उजेड पोचतो, तिथे हरितद्रव्याचा एक पट्टा असतो. चकतीचं ते पांढरेपण वरच्या पाण्याचं. त्या खोलीवर बाटली बंद केली की चकती पुन्हा हिरवट येते. त्यातही एक मेख आहे. सावलीतल्या झाडाचं पान जसं जास्त गडद असतं, तशी अंधुक पाण्यातली पेशी स्वतःत जास्त हरितद्रव्य भरते. हिरवं जास्त, म्हणून वनस्पती तेवढीच जास्त असं नाही.

हिवाळ्यात उत्तरेकडचा समुद्र हिरवा का होतो, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडलं. ईशान्येचे कोरडे, गार वारे पाणी थंड करतात, ते जड होऊन खाली जातं, सगळं ढवळलं जातं आणि खालचं खत वर येतं. पण ते हिरवं कुणाचं? पूर्वी बहुतांशी डायटम नावाच्या वनस्पतिप्लवकांचं. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे नॉक्टिल्युका ही एकपेशी जात दिसू लागली, पोटात हिरवी शेवाळं पाळणारी आणि डायटमही खाणारी. नेहमीच्या प्राणिप्लवकांना ती फारशी खाता येत नाही, सॅल्प हे जेलीसारखे प्राणी आणि जेलीफिश खातात. उपग्रहाच्या आकड्यात दोन्ही नुसते हिरवे. माशांच्या दृष्टीने त्यात जमीन-अस्मानाचा फरक. तो समजला बादलीने काढलेल्या पाण्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली.

हे हिरवं वाढतंय की घटतंय, आता या वादाकडे येते. २००५ साली जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की हिमालयाकडचं बर्फ कमी होतंय, पावसाळी वारे जोर धरताहेत आणि पश्चिम अरबी समुद्रात, किनाऱ्यालगत, १९९७ ते २००४ या काळात पावसाळ्यातलं हरितद्रव्य साडेतीनशे टक्क्यांहून अधिक वाढलं. २०१६ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी उलट लिहिलं. पाणी वरून तापतंय, थर एकमेकांत मिसळत नाहीत, आणि पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पतिप्लवक २० टक्क्यांपर्यंत घटलं असावं. मला कुणी विचारलं, खोटं कोण? मी म्हणाले, कुणीच नाही. पहिल्यांच्या हातात सात वर्षांच्या मापांची रांग होती, ती चढण २००३ नंतर टिकली नाही. हवामानाचा कल नैसर्गिक चढउतारांतून वेगळा काढायला सुमारे ४० वर्षांची अखंड मापं लागतात, असं एका अभ्यासाने २०१० मध्ये दाखवलं. सीविफ्सपासून धरलं तरी ती भरलेली नाहीत.

आणि ज्यावर सगळं ठरतं तो काळ आपल्याला सर्वांत कमी दिसतो. नैर्ऋत्य वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यावर आणि आपल्या दक्षिणेकडे खालचं पाणी वर खेचतात ते जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा ढग असतात, उपग्रहाला आठवडेच्या आठवडे पाणी दिसत नाही. लाटा असतात, जहाजावर दोर सोडणं अवघड. मी पावसाळी सफरींत असे दिवस बघितले आहेत की ठिकाणावर पोचून, चोवीस तास वाट बघून, एकही बाटली न बुडवता पुढे गेलो. नकाशावर तिथे रिकामा ठिपका राहिला. तो अजून मनात सलतो.

आता त्या काळासाठी तरंगती यंत्रं आहेत. बोयापेक्षा सडपातळ, माणसाहून उंच नळी. ती हजार मीटरवर विसावते, पाच-दहा दिवसांनी दोन हजार मीटर खाली उतरून वर येते, वाटेत तापमान, क्षारता, आणि काही यंत्रं हरितद्रव्याची लालीही मोजतात. भर दुपारच्या उन्हात पेशींची लाली मंदावते, म्हणून पृष्ठभागाजवळची रात्रीची मापं जास्त विश्वासाची. त्या लालीचा मिलिग्रॅममध्ये अर्थ लावायला यंत्र सोडतानाच जहाजावरून पाणी काढून गाळून ठेवतात. जुलैत रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतील, तेव्हा तिकडे ढगांखाली, त्या खवळलेल्या पाण्यात, अशी एक नळी वर येईल, आकडे आकाशात पाठवील आणि परत बुडेल.