घरचं लाकूड घराला वापरताना



बांधावरचा साग आपलाच, पण कुऱ्हाड लावण्याआधी परवानगी हवी. महाराष्ट्रात झाडे तोडण्याबाबतच्या १९६४ च्या कायद्यात साग, खैर, हिरडा ही झाडं अनुसूचित आहेत. सातबारा जोडून वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करा. तोडलेला साग हलवायचा तर वाहतूक पास घ्या, नाहीतर माल जप्त होतो.

ओलं लाकूड तुळईला घालू नका. वाळताना ते आकसतं, पीळ खातं, सांधे सुटतात. २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिताही वाळवलेलंच लाकूड सांगते. कापीव माल सावलीत, थरांमध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असा रचा. सालीलगतच्या पांढुरक्या भागाला वाळवी आधी लागते. तो तासून टाका. छप्पर डोक्यावर राहायचं आहे, घाई नको.