चिनी भोजन आणि युरोपीय द्राक्षमद्य

सोया सॉसचा खारटपणा, व्हिनेगरचा आंबटपणा, आले-लसणाचा उग्र गंध आणि मिरचीचा दाह ज्या चिनी भोजनात एकाच वेळी जिव्हेवर येतात, त्याच्याबरोबर फ्रान्सच्या बोर्दो मुलखातील तांबडी, तुरट वाइन सहसा जुळत नाही. कारण मद्यार्क तिखटाची आग वाढवतो आणि द्राक्षसालीतून उतरलेला तुरटपणा अधिकच बोचू लागतो. याउलट जर्मनीत मोझेल नदीच्या उतारांवर पिकणाऱ्या रीसलिंग द्राक्षाची किंचित गोड, आम्लयुक्त व अल्पमद्यार्क वाइन तो दाह शमवते, हा जाणकारांचा निर्णय मला सर्वथा ग्राह्य वाटतो. फ्रान्समधील ल्वार खोऱ्याचे शेनिन ब्लांक हे वाण तर आता आपल्या नाशिक जिल्ह्यातही रुजले आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली तालुक्याच्या रानात मात्र मान द्राक्षाचा नव्हे, मोहाच्या झाडाचा. पहाटे वेचलेली त्याची शर्करायुक्त फुले वाळवून, आंबवून, मग भट्टीवर त्यांचा अर्क काढतात. वाइन केवळ आंबवलेली असते, हा दोहोंतील मूलभूत भेद होय. या साऱ्या मद्यांवर चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली अमलात आलेली दारूबंदी २०२१ साली उठली. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत ती १९९३ पासून जारी आहे.